दोन माणसांची आमटी

पाचशे माणसांच्या पंगतीची आमटी मी केलेली आहे. एकदा-दोनदा नव्हे, गावच्या भंडाऱ्याला बारा-पंधरा वर्षं. दोघांनी उचलायची कढई, खाली बाभळीची लाकडं, हातात माझ्या छातीला लागेल एवढा पळा. मीठ नजरेनं टाकायचो. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, आणि चाखायची मला कधी गरजही पडली नाही. पंगत उठताना माणसं म्हणायची, आज गवंड्याचा हात लागलेला दिसतोय. धंद्यानं मी गवंडी. नेकनूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि आसपासच्या गावांतल्या किती भिंतींना माझी थापी लागली ते मलाही सांगता यायचं नाही. शाळा दुसरीपर्यंत झाली. भिंत ओळंब्यात उभी करायला आणि आमटीखालचा जाळ कधी ओढायचा ते कळायला दुसरी पुष्कळ होते.

हे आधी सांगितलं, कारण मला स्वयंपाक येतो असा माझा पक्का समज होता.

दोन वर्षांखाली कारभारणीला लकवा मारला. बीडच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उजवा हात लोंबत होता, उजवा पाय ओढत होता. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. डोकं मात्र होतं तसं, म्हणजे माझ्यापेक्षा बरं. आम्हाला पोरगी एकच, लातूरला दिलेली. ती म्हणाली, "अण्णा, सैपाकाला बाई लावा."

मी म्हणलं, "पाचशे माणसं जेवू घालणाऱ्याला दोन माणसं जड झाली का?"

जड झाली. मोठ्या कढईत चूक बुडून जाते. ओंजळभर मीठ इकडं-तिकडं झालं तरी पाचशे तोंडांत वाटून जातं. दोन माणसांच्या पातेल्यात चिमूटभर जास्त पडलं की सगळं जेवण उठून दिसतं. पंगतीचा स्वयंपाकी गर्दीच्या आड उभा असतो, घरच्याला आड काही नाही. हे मला साठी उलटून गेल्यावर कळलं, आणि कळलं तरी मी कुणाला बोललो नाही.

तिची बाज मी स्वयंपाकघराच्या दारात आणून टाकली. ती पडल्या पडल्या सांगायची, मी करायचो, आणि दोघं भांडायचो. पहिल्या दिवशी ज्वारीच्या पिठात पाणी घालायला घेतलं.

"पाणी किती?"

"लागंल तितकं."

"म्हंजी किती?"

"तुमी सिमेंटच्या मालात किती घालता?"

"लागंल तितकं."

"मग?"

पीठ मी सिमेंट कालवतो तसं कालवलं, मधे आळं करून. ती बघत राहिली. भाकरी काठवटीतच चिरली. ती म्हणाली, पिठाची विरी गेली, दळून महिना झाला, आता आधणाचं पाणी घालून मळावं लागंल. पीठ जुनं झालं की चिकटपणा सोडतं, मग थंड पाण्यानं ते एकमेकांना धरत नाही. चुन्याचंही असंच असतं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "चुना खायचा नसतो."

तव्याची गोष्ट सांगायला मला अजून जड जातं. लोखंडी तवा, तिनं माहेराहून आणलेला, वापरून काळाकुट्ट झालेला. मला वाटलं, बिचारीला घासायला कधी वेळ मिळाला नाही. मी विटकरीचा चुरा घेऊन अंगणात बसलो आणि तो तवा आरशासारखा केला. मोठ्या ऐटीत तिच्यापुढं धरला. 

"चाळीस वर्षं बसवलेलं तुमी एका सकाळी काढलं," ती म्हणाली.

त्या तव्यावर पंधरा दिवस भाकरी चिकटली. रोज तेलाचा बोळा फिरवून, तापवून, परत निववून मी तो काळा केला. आता कुणी घरात येऊन तव्याला चोथा लावायला गेलं तर मी हात धरतो.

हळूहळू भाकरी जमली. शेंगांची चटणी जमली, पिठलं जमलं, कण्या जमल्या. पण तिच्या पोटात काही जाईना. मी भाकरी मोडायचो, आमटीत कुस्करायचो, घास करून तिच्या तोंडात घालायचो. चार घास झाले की मान फिरवायची.

"पोट भरलं."

"चार घासांत?"

"बसल्या बसल्या किती लागतंय."

चमच्यानं भरवून बघितलं तर तोंडच मिटलं. म्हणाली, चमच्यानं दवाखान्यात खाल्लं ते पुरं झालं. दिवसेंदिवस ती वाळायला लागली. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. पोरगी दोन-तीन महिन्यांनी यायची आणि आल्या आल्या मायचे दंड हातात धरून बघायची. श्रावणात आली तेव्हा तिनं मला बाहेर ओट्यावर बोलावलं.

"अण्णा, दिवाळीला येते. तवर मायच्या अंगावर काही दिसलं न्हाई तर मी तिला लातूरला घेऊन जाते."

"आन मी?"

"तुमी बी चला की. कोण नको म्हणतंय."

"जावयाच्या घरात ताटावर बसू?"

"मग बसा हितं तवा घासत."

तव्याचं तिला मायनं सांगितलं होतं. पण ती बोलली ते खरं होतं. मी जावयाच्या दारात राहणारा माणूस नाही हे तिला ठाऊक, मला ठाऊक. म्हणजे कारभारीण गेली की मी एकटा या घरात. शेहेचाळीस वर्षांत बाळंतपण सोडलं तर ती कधी आठ दिवसांच्या वर कुठं राहिली नव्हती.

तर आता माझ्या हातात दोन-अडीच महिने होते, आणि मी ठरवलं की दोष जेवणाचा आहे. माझा स्वभावच तसा. भिंतीला चीर गेली की मी पाया उकरतो. जेवणाचा पाया म्हणजे येसर.

आमच्याकडं घरोघरी येसर असतो. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजायची, त्यात धने, मिरे, लवंगा, दगडफूल, सुकं खोबरं, मिरची हे सगळं भाजून घालायचं आणि दळून आणायचं. लग्न निघालं की आधी येसर होतो, मग बाकीचं. डबा भरलेला असला की घरात भाजी नसली तरी अडत नाही. लसणाची फोडणी, उकळतं पाणी, त्यात येसर कालवून सोडला की आमटी. भंडाऱ्याला येसर बायका करून द्यायच्या, मी नुसता ओतायचो. तिच्या हातचा डबा तिच्या दुखण्यातच संपला होता, आणि मी दुकानातल्या पुडीवर भागवत होतो.

"सांग माप," मी म्हणलं.

"ज्वारी चार मुठी. डाळ दोन मुठी. गहू एक मूठ. मिरे चाळीस. लवंगा पंचवीस. दालचिनी बोटभर."

तिनं सांगितलं तसं मी भाजलं, गिरणीत उभा राहून दळून आणलं. आमटी केली तर पळी उभी राहायला लागली. रंग नाही, झणका नाही, नुसती खळ.

ती म्हणाली, "ह्येनं न्हाणी लिंपून घ्या."

मी गिरणीवाल्याला दोष दिला. मग मिरचीला दिला. मग लवंगा जुन्या निघाल्या म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. आठ दिवस ती नुसती माझी मजा बघत होती. नवव्या दिवशी म्हणाली, "मूठ दाखवा तुमची."

मी मूठ वळून पुढं केली. तिनं आपली डावी मूठ वळून शेजारी ठेवली. माझ्या मुठीपुढं ती कैरीपुढं लिंबू ठेवल्यासारखी दिसत होती. धान्य माझ्या मुठीनं दुप्पट पडलं होतं आणि मिरे-लवंगा मोजून तेवढ्याच. घरोघरीचं माप बाईच्या मुठीचं असतं, गड्यानं ते उचलायचं नसतं. एवढी साधी गोष्ट, पण गवंड्याला वाटतं मूठ म्हणजे मूठ.

दुसऱ्या वेळी मी अर्धी मूठ धरून माप घेतलं. ती आमटी उकळली तेव्हा शेजारची भावजय भिंतीवरून म्हणाली, "भावजी, कुणाकडं येसर केला?"  आमटी ताटात वाढली, भाकरी कुस्करली, पहिला घास कारभारणीला भरवला. तिनं डोळे मिटून चावला.

"जमली," ती म्हणाली.

आणि चार घासांवर मान फिरवली.

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. जेवण चांगलं आहे हे तिनं कबूल केलं, आणि तरी खाईना. बाजारात माझ्या ओळखीचा फळवाला आहे, तरुणपणी त्याच्या घराचा गिलावा मी केलेला. त्याला सांगितलं. तो पपई तोलता तोलता म्हणाला, "क्या बे उस्ताद, पाचशे को खिलाया, एक से हार गया?" मग पपई पिशवीत टाकत हळूच म्हणाला, "भाभी को जबरदस्ती मत कर. बीमार आदमी का मन अलग रहता." मी म्हणलं, तू फळं विक.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात होती. मी बाजाराला गेलो की दुपारी भरवायला भावजयीला सांगून जायचो, ताट बाजेजवळ झाकून ठेवायचो. संध्याकाळी परत येऊन बघावं तर ताट चाटून पुसून साफ. भावजयीकडं शेळी आहे. मी मनाशी धरून चाललो होतो की भाकरी शेळीच्या पोटात जाते.

मग मी भांड्याकडं वळलो. आमटी मी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात करत होतो. पातळ पत्रा, आच सगळीकडं सारखी लागत नाही, लसूण एका बाजूला जळतो. लोखंडी कढईतली आमटी निराळी लागते, हे भंडाऱ्याच्या कढईनं मला शिकवलं होतं. म्हणलं, केजच्या बाजारातून चांगली जड कढई आणू. ताट झाकून ठेवलं, भावजयीला सांगितलं आणि निघालो. फाट्यावर जीप उभी होती. बसलो आणि ध्यानात आलं की पिशवी घरी राहिली. कढई काय डोक्यावर घेऊन येणार? उतरलो आणि परत आलो.

दार ओढून घेतलेलं होतं. फटीतून बघितलं तर ती बाजेवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. ताट मांडीवर. डाव्या हातानं भाकरी मोडत होती, आमटीत बुडवत होती आणि खात होती. सावकाश, एकेक घास नीट करून. बोटं चाटत होती. माझीच भाकरी, माझीच आमटी, त्याच जर्मनच्या पातेल्यातली. मी उभा होतो तेवढ्यात तिनं एक भाकरी संपवली आणि दुसरीला हात घातला.

माझ्या पायाखाली काहीतरी वाजलं. तिनं झटक्यात हात पदराखाली घेतला. मी मागं सरलो आणि पिशवी न घेताच निघालो. भावजय ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"तुमी भरवायला गेला न्हाई?" मी विचारलं.

"कावून? ती खाती की तिची ती."

"कवापासून?"

"आल्यापासून. तुमाला म्हाईत न्हाई?" ती माझ्याकडं बघत राहिली. "भावजी, तुमीच तर तिला बोललतात."

मी देवळाच्या पारावर जाऊन बसलो. मी काय बोललो होतो ते मला आठवलं. दवाखान्यातून आणल्यावर चौथ्या दिवशी मी ताट पुढं ठेवलं, आणि तिनं डावा हात ताटात घातला. मी तो हात धरून बाजूला केला होता. म्हणलं होतं, "डाव्या हातानं खाऊ नको. मी हाय की."

मला वाटलं होतं मी मायेनं बोललो. डावा हात कशाला असतो ते सांगायला नको. आमच्यात डाव्या हातानं कुणाला पाणी देत नाहीत, देवापुढं फूल ठेवत नाहीत. माझ्या बायकोवर ती वेळ येऊ नये असं मला वाटलं. तिनं ते ऐकलं आणि माझ्यापुढं तो हात पुन्हा कधी ताटात घातला नाही. आणि माझ्या हातानं चार घासांच्या वर जेवायची तिला लाज वाटत होती. माझं जेवण निवतंय, मी गुडघे दुमडून बसलोय, एवढा मोठा गडी लेकराला भरवल्यासारखा भरवतोय. एकदा म्हणाली पण होती, तुमी आधी जेवा. मी रागावलो होतो. म्हणजे पंधरा महिने ती अर्धपोटी होती ते माझ्या एका शब्दापायी, आणि मी तवे घासत, मुठी मोजत, लोकांच्या लवंगांना नावं ठेवत फिरत होतो.

चुकलं म्हणायची मला सवय नाही. ते चांगलं आहे असं मी म्हणत नाही, पण नाही ती नाही. भिंत चुकली तर मी बोलत बसत नाही, पाडतो आणि परत बांधतो.

दुसऱ्या दिवशी दोन ताटं वाढली. एक तिच्या मांडीवर ठेवलं, एक माझ्यापुढं. तिच्यासमोर बसलो आणि डाव्या हातानं भाकरी मोडायला घेतली.

भाकरी मोडणं तसं एका हाताचंच काम, पण तो हात डावा असला की लई अवघड. तुकडा निसटून पालथा पडला. आमटीचा घास तोंडापर्यंत येता येता अर्धा सदऱ्यावर सांडला.

"हे काय लावलंय?" ती म्हणाली.

"उजव्या हाताचं बोट भाजलंय."

"दाखवा."

"काय दाखवायचंय त्यात?"

"मघाशी भाकऱ्या तर थापल्या."

"थापल्यावर भाजलं."

"कुठलं बोट?"

"तू जेव. लई इचारू नको."

 मी वर मान केली नाही, माझं सांडत-लवंडत चाललं होतं. मग तिचा हात पदराखालून निघाला. तिचा घास नीट होता, एक थेंब सांडला नाही. पंधरा महिन्यांचा सराव होता. माझ्या मिशीवरून आमटी ओघळली तेव्हा ती हसायला लागली. लकव्यापासून तिचं निम्मंच तोंड हसतं, पण डोळे दोन्ही हसतात.

"भाकरीचा तुकडा अंगठ्यानं दाबून धरा," ती म्हणाली. "मग निसटत न्हाई."

दिवाळीच्या चार दिवस आधी पोरगी आली. हातात रिकामी मोठी पिशवी होती, मायची लुगडी भरायला. आम्ही जेवायला बसलेलो. दारातून तिनं मला बघितलं आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"अण्णा, तुमचा बी हात गेला का?"

मी उजवा हात वर करून हलवून दाखवला.

"त्यांचं बोट भाजलंय," कारभारीण म्हणाली. "दोन महिने झाले."

पोरगी दिसताच कारभारणीचा हात परत पदराखाली गेला होता. मी जेवत राहिलो, डाव्या हातानं. आता सांडत नव्हतं. पोरगी खाली बसली, एकदा मायकडं, एकदा माझ्याकडं बघत. थोड्या वेळानं हात बाहेर आला. एक भाकरी झाली, मग अर्धी झाली. कारभारणीनं पातेल्याकडं बोट केलं, मी आमटी वाढली. पोरगी ताट न घेता नुसती बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

जेवणं झाल्यावर तिनं मायचा दंड हातात धरला.

"जरा भरलाय," ती म्हणाली. "पर अजून लई न्हाई. येतीस का माझ्याकडं? दिवाळीपुरती तरी."

मी ताटं उचलत होतो. ताटं उचलायचं काम मी लई सावकाश केलं.

"तुझ्या सासूपुढं, जावयापुढं मला आसं जेवता यायचं न्हाई," कारभारीण म्हणाली. "तिथं पुन्हा चार घासांवर यीन मी. हितं जेवते."

पोरगीनं वाद घातला नाही. दोन दिवस राहिली, करंज्या केल्या, माझ्या तव्यावर भाकरी करून बघितली. निघताना रिकाम्या पिशवीत तिनं येसराचा डबा आणि शेंगांची चटणी भरली. मी तिला फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. एसटी दिसली तशी ती माझ्याकडं वळली.

"अण्णा, तिला खाऊ घालत जावा नीट."

"मी कशाला खाऊ घालू," मी म्हणलं. "तिची ती खाती."